ऑस्लोच्या जॅझ क्लबात पहिल्यांदा बसताना

दिवे मंद झालेत. चौघं मंचावर येऊन पाच मिनिटं झाली, पण गुणगुणता येईल अशी एकही चाल अजून कानावर आलेली नाही. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्यात आणि व्हायोलिनचा गज घेऊन तो सिंबलच्या, म्हणजे ड्रम्सच्या मोठ्या झांजेच्या, कडेवरून ओढतोय. ट्रम्पेटमधून सूर कमी, हवा जास्त येतेय. गिटारवाला तर तारा सोडून पायाशी वाकून बटणं फिरवतोय. पहिल्यांदा आलेल्या माणसाला हमखास प्रश्न पडतो: कार्यक्रम सुरू झालाय, की साउंड चेकच चाललाय?

सुरू झालाय. साउंड चेक दुपारीच उरकला, आणि तोही दोन-अडीच तास चालला. हे जे चाललंय ते समोरच्या चौघांनी कमी-अधिक विचार करून मांडलेलं आहे. त्यातलं किती आधी ठरलेलं आणि किती आत्ता, तुमच्यासमोर ठरतंय, एवढं कळायला लागलं की ही संध्याकाळ अवघड राहत नाही. ‘चाल कुठाय’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवायचा आणि ‘ठरलेलं काय’ एवढंच शोधायचं.

आधी जागेबद्दल. हे वादन नॉर्डिक जॅझचं. नॉर्डिक म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड. कोपनहेगनचा मोंमार्त्र क्लब 1959 चा. अमेरिकेतून आलेले मोठमोठे सॅक्सोफोनवाले तिथे वाजवून गेले. स्टॉकहोमचं फाशिंग 1977 पासून आहे. ऑस्लोत दोन ठिकाणं लक्षात ठेवा. कार्ल योहान्स गाटे या मुख्य रस्त्यावरच्या व्हिक्टोरिया या जुन्या थिएटरात 2008 पासून राष्ट्रीय जॅझ मंच आहे. तिथे खुर्च्या, चांगला पियानो आणि शांत बसणारे श्रोते मिळतात. दुसरं आकेर्सेल्वा नदीच्या काठी, जुन्या कारखान्यांच्या आवारात. त्याचं नाव ब्लो, म्हणजे निळा. ते 1998 मध्ये सुरू झालं. तिथे बहुतेक वेळा उभं राहूनच ऐकायचं आणि आवाजही मोठा. एकच बँड या दोन ठिकाणी दोन वेगळे कार्यक्रम केल्यासारखा वाजतो.

ठरलेलं आणि न ठरलेलं

जुन्या अमेरिकन जॅझचा साचा सोपा आहे. बत्तीस बारांची एक चाल, प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे 128 मात्रांचं एक आवर्तन. मिनिटाला 160 मात्रांची लय धरली तर एक आवर्तन 48 सेकंदांत संपतं. सगळे मिळून आधी चाल वाजवतात. मग एकेक जण त्याच आवर्तनावर स्वतःचं काही बांधतो आणि शेवटी चाल परत येते. बंदिश, तिच्यावर विस्तार, पुन्हा मुखडा. आपल्याकडच्या कानाला यात परकं काही नाही. तालाच्या सोबतीला रागाऐवजी कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांचा, क्रम फिरत असतो, एवढाच फरक.

आजचे धाडसी नॉर्डिक बँड हा साचा बहुधा मोडतात, पण सगळे सारखा मोडत नाहीत. काहींच्या स्टँडवर एकच कागद असतो आणि त्यावर दोन-तीन ओळी: एक छोटी सुरावट, तिच्या खालचा खर्जाचा सूर, आणि ‘इथून मोकळं, इशारा आला की पुढे’ अशा अर्थाची खूण. पंधरा मिनिटांच्या तुकड्यात एक मिनिटाचा मजकूर लिहिलेला, बाकी चौदा मिनिटं रिकामी. दुसऱ्या टोकाला सुपरसायलेंटसारखा गट. 1997 मध्ये जमलेली ही नॉर्वेजियन मंडळी तालीम करत नाहीत आणि काय वाजवायचं याची आधी चर्चाही करत नाहीत. मंचावर आले की पहिला आवाज हीच सुरुवात.

बहुतेक संध्याकाळी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, त्यामुळे इशारे ओळखणं हा ऐकण्यातला निम्मा आनंद. इशारे मोठे नसतात. ट्रम्पेटवाला वाद्याचं तोंड चार बोटं वर उचलतो. गिटारवाला एकच तुकडा जसाच्या तसा तीनदा वाजवतो. तिहाईच्या सवयीने आपण समेची वाट बघायला लागतो आणि खरंच तिथे वळण येतं. ड्रमर ब्रश ठेवून काठ्या उचलतो, म्हणजे अर्ध्या मिनिटात आवाज वाढणार. बेसवाला बराच वेळ एकाच खर्जावर बसून असेल आणि अचानक तो सूर सोडून वर गेला, तर समजायचं की त्याने दार उघडलं. आता बाकीचे आत येतात की नाही ते बघायचं. कधी कधी कुणीच येत नाही. तोही भाग ऐकण्यासारखा असतो, कारण त्याला एकट्याने परत यावं लागतं.

बिघडतं तेव्हा काय बिघडतं? मोकळ्या वादनातला सगळ्यात मोठा दोष चुकीचा सूर नव्हे. सगळे सगळा वेळ वाजवत राहतात, हा तो दोष. चौघांपैकी कुणीच हात आखडता घेत नसेल तर दहा मिनिटांत कान बधिर होतात. दुसरा दोष डोंगराचा: हळू सुरुवात, चढत चढत कल्ला, मग उतार. एकदा ठीक आहे. एकाच संध्याकाळी तीनदा तोच डोंगर चढवला, तर बँडकडे कल्पना संपल्यात असं खुशाल समजा. नावाजलेल्यांकडूनही हे होतं. तिसरा दोष शेवटाचा. छान जागी संपत आलेलं असतं आणि एकाला ते कळत नाही. तो आणखी चार सूर टाकतो, दुसरा सभ्यपणे साथ देतो, आणि गाडी स्टेशनाच्या पुढे जाऊन थांबते.

ठेका कुठे गेला

तबल्याच्या ठेक्यावर वाढलेल्या कानाची खरी अडचण इथे येते. नेहमीच्या जॅझमध्ये ड्रमर मोठ्या सिंबलवर एक ठरलेली चाल धरतो आणि पायाखालची झांजांची जोडी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटवतो. हाच तिथला ठेका. यॉन क्रिस्टेनसन (1943–2020) या नॉर्वेजियन ड्रमरने तो उघड मांडणं सोडून दिलं. लय त्याच्या मनात पक्की असायची, पण सिंबलवर तो तिचे तुकडे टाकायचा, कधी मात्रेच्या अलीकडे, कधी पलीकडे, कधी दोन मात्रा नुसत्याच सोडून. लय सांभाळायचं काम त्यामुळे चौघांवर वाटलं गेलं. उत्तरेकडच्या पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या ड्रमरांवर त्याचा ठसा दिसतो.

लय शोधायची एक युक्ती आहे. ड्रम्सकडे बघू नका, डबल बेसवाल्याच्या उजव्या हाताकडे बघा. माणसापेक्षा उंच असं ते चार तारांचं वाद्य बहुधा बोटांनी छेडतात. बोटं सम अंतराने पडत असतील तर लय आहे, आणि थोड्या वेळाने तुमचा पाय आपोआप ती धरेल. दोन मिनिटं बघूनही अंतर सापडलं नाही, तर तो भाग आलापासारखा विनालय आहे असं धरा आणि पायाला विश्रांती द्या. उगाच मोजत बसलात तर बाकी सगळं हातचं जाईल.

हे आलं कुठून

‘उत्तरेची शांतता, बर्फ, फियॉर्ड’ हे वर्णन प्रत्येक पत्रकावर सापडतं. ते अर्धंच खरं आहे. 2000 मध्ये जमलेल्या द थिंग या त्रिकुटामध्ये स्वीडनचा सॅक्सोफोनवाला मात्स गुस्ताफसन आणि नॉर्वेचे इंगेब्रिक्त होकर फ्लातेन (बेस) व पॉल निल्सन-लव्ह (ड्रम्स) होते. त्यांचं वादन ऐकताना कुणाला बर्फ आठवला तर तो हिमस्खलनाचाच असणार.

खरा उगम जास्त साधा आहे. 1964 मध्ये स्वीडनच्या यान योहान्सन या पियानोवाल्याने ‘यास पो स्वेन्स्का’ ही रेकॉर्ड काढली. तिच्यात स्वीडिश लोकगीतं, आणि वाद्यं दोनच: पियानो आणि गेओर्ग रीडेलचा डबल बेस. सूर मोजून मापून, दोन सुरांत भरपूर जागा. ती अफाट खपली आणि आपल्या मातीतली चाल जॅझमध्ये चालते हे सिद्ध झालं. त्याच वर्षी अमेरिकन संगीतकार जॉर्ज रसेल युरोपात आला आणि पुढची काही वर्षं स्कँडिनेव्हियात राहून शिकवत राहिला. सॅक्सोफोनवाला यान गारबारेक, गिटारवाला टेरये रिप्दाल आणि ड्रमर क्रिस्टेनसन हे नॉर्वेजियन तरुण त्याच्याबरोबर वाजवत तयार झाले. ट्रम्पेटवाला डॉन चेरीही साठच्या दशकाच्या शेवटी स्वीडनला येऊन राहिला, येताना जगभरच्या लोकसंगीताचा नाद घेऊन. 1970 मध्ये म्युनिकच्या ईसीएम या नव्या रेकॉर्ड कंपनीने गारबारेकच्या चौकडीचं ऑस्लोत रेकॉर्डिंग केलं. ध्वनिमुद्रक यान एरिक कोंग्सहॉग याने पुढे याच कंपनीसाठी शेकडो रेकॉर्डिंग केली आणि प्रत्येक वाद्याभोवती हवा ठेवणारा तो आवाज जगाला ओळखीचा झाला.

आपलाही एक धागा तिथे जातो. 1986 च्या डिसेंबरात ऑस्लोच्या रेनबो स्टुडिओत झाकिर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅकलॉफलिन आणि गारबारेक एकत्र बसले. ‘मेकिंग म्युझिक’ ही रेकॉर्ड पुढच्या वर्षी आली. शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनीही गारबारेकच्या गटाबरोबर दौरे केलेत. आणि नॉर्वेचं हार्डांगर व्हायोलिन पाहिलंत तर हसूच येईल: वर चार तारा, आणि खाली चार किंवा पाच तरफा, थेट सारंगीसारख्या आपोआप झंकारणाऱ्या. या लोकांना घुमणाऱ्या एका सुरावर तासभर बसायला काही वाटत नाही, याचं कारण त्या तरफांतही असावं.

शिकवण्याची पद्धतही वेगळी पडली. 1979 मध्ये नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमच्या संगीत महाविद्यालयात जॅझचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तिथे कानाला पहिला मान मिळाला. रेकॉर्ड ऐकायची, गाऊन बघायची, मग वाद्यावर काढायची. आजच्या नॉर्वेजियन मंचावरची कितीतरी नावं तिथूनच आली.

त्या विचित्र आवाजांचं काय

सिंबलवर गज का ओढायचा? ड्रमचा आवाज पडला की विरतो. गजाने सिंबलचा सूर धरून ठेवता येतो आणि ड्रमरच्या हातात जणू तानपुरा येतो. गजाला राळ नेहमीपेक्षा जास्त लावतात. एका हाताने सिंबल हलू नये म्हणून धरायचा आणि गज कडेला काटकोनात, वर-खाली ओढायचा. दाब जास्त आणि वेग कमी झाला तर दार करकरल्यासारखं होतं. दाब फार कमी असला तर नुसता फसफस आवाज. कडेवरची जागा दोन बोटं बदलली की वेगळाच वरचा सूर निघतो. कोणता निघेल याची पक्की खात्री वाजवणाऱ्यालाही नसते.

ट्रम्पेटमधली हवा हीसुद्धा मुद्दाम केलेली गोष्ट. ओठ घट्ट थरथरवले की भरीव सूर येतो. ते सैल सोडले की सुरात श्वास मिसळतो. नॉर्वेच्या आर्वे हेन्रिक्सन या ट्रम्पेटवाल्याने जपानी शाकुहाची बासरी ऐकून हा बाज स्वतःचा केला आणि ट्रम्पेट ऐकताना लोकांना बासरीचा भास व्हायला लागला. पण हा आवाज इतका बारीक असतो की माइकशिवाय दुसऱ्या रांगेपर्यंतही नीट पोचत नाही. म्हणजे माइक इथे वाद्याचाच भाग. श्वास ऐकू यावा म्हणून माइक खूप उघडायचा, मग त्यात शेजारचे ड्रम्सही शिरतात आणि मॉनिटरचा, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज परत येऊन शिट्टी वाजते. साउंडवाल्याचा दुपारचा बराचसा वेळ यातच जातो.

त्याचा उरलेला वेळ डबल बेस खातो. सगळ्यात खालच्या तारेची कंपनं सेकंदाला जेमतेम 41. वाद्याचं पोकळ लाकडी पोट मोठ्या आवाजात स्वतःच थरथरायला लागतं, आणि एखादा सूर गुंऽऽ करून सगळ्यांवर पसरतो. उपाय म्हणजे घोडीला लावलेला पिकअप (कंपनं थेट पकडणारं छोटं यंत्र) आणि थोडासा माइक यांचं मिश्रण करायचं, सेकंदाला 40 कंपनांच्या खालचं सगळं कापायचं, आणि बेसचा अँप (आवाज वाढवणारा स्पीकर) जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवायचा. काही जण उलट त्या घुमण्याचाच उपयोग करतात. एस्ब्यर्न स्वेन्सन त्रिकुटातला डॅन बेरग्लुंड बेसवर गज चालवून तो आवाज डिस्टॉर्शनमधून, म्हणजे सूर फाटका-खरखरीत करणाऱ्या यंत्रातून, काढायचा. डोळे मिटलेले लोक इलेक्ट्रिक गिटार कुठाय म्हणून शोधायचे.

आता पायाशी वाकलेला गिटारवाला. त्याच्यासमोर फळीवर आठ-दहा पेडल्स, म्हणजे आवाज बदलणारी पायाने दाबायची यंत्रं, असतात आणि त्यातलं कळीचं म्हणजे लूपर. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की तेवढा तुकडा गोल फिरत राहतो. हे दिसतं सोपं, पण गणित निष्ठुर आहे. लय मिनिटाला 120 असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. दुसऱ्यांदा पाय पडायला सेकंदाचा फक्त विसावा भाग उशीर झाला, तर तुकडा मात्रेच्या एक दशांशाने लांबतो. तेवढं पहिल्या फेरीत कुणाला कळत नाही. पण प्रत्येक फेरीत तेवढीच भर पडते आणि दहाव्या फेरीला लूप एक अख्खी मात्रा मागे राहिलेला असतो. यंत्र तर कुणाचं ऐकत नाही. ड्रमरपुढे दोनच वाटा: स्वतःची लय सोडून लूपच्या मागे जायचं, किंवा गिटारवाल्याकडे बघून मान हलवायची, म्हणजे तो लूप हळूहळू मिटवून टाकेल. विनालय भागात मात्र ही अडचणच राहत नाही, कारण मागे पडायला मात्राच नसते. लूप वापरणारे बँड लांबच लांब, ढगासारखे भाग का पसंत करतात, याचं एक अगदी व्यावहारिक कारण हे आहे.

पियानो असेल आणि वाजवणारा उभा राहून आत हात घालत असेल, तर तो तारांमध्ये रबराचे तुकडे, स्क्रू किंवा चिकणमातीसारखं चिकट द्रव्य बसवतोय. वरच्या सुरांना प्रत्येकी तीन तारा असतात. त्यांच्यामध्ये रबर घातलं की सूर ठोकळ्यासारखा, स्क्रू घातला की घंटेसारखा होतो. यासाठी क्लबची आधी परवानगी लागते. खर्जाच्या तारांवर तांब्याचं वेटोळं असतं, ते धातूने खरवडलं की गेलं. बोटांच्या घामानेही तारा गंजतात, म्हणून जाणकार वादक कापड जवळ ठेवतात.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट दिसेल. बाहेर उणे पंधरा आणि आत तापवलेली कोरडी हवा. आल्या आल्या कुणी वाद्याची पेटी उघडत नाही. ती बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास खोलीच्या तापमानाला येऊ देतात, नाहीतर थंड लाकडावर आणि धातूवर दव जमतं. कोरड्या हवेने बेसचं लाकूड आक्रसून तडा जातो, म्हणून पोटात ओलसर स्पंज असलेली नळीही लटकवलेली असते.

तुमच्या सोयीसाठी

कोट दाराशी जमा करावा लागतो, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात. कार्ड जवळ ठेवा. वयाची अट 18 किंवा 20 असते, आणि ओळखपत्र मागतात. तिकिटावरची वेळ दार उघडण्याची की वादनाची, ते नीट वाचा. वादनाची असेल तर ते बहुधा वेळेवर सुरू होतं, आणि हळू सुरुवातीच्या पाच मिनिटांत खुर्च्या सरकवत आत शिरणाऱ्याकडे सगळे वळून बघतात.

कुठे बसावं? आवाज संतुलित हवा असेल तर साउंडवाल्याच्या टेबलापाशी. तो जे ऐकतो त्यावरूनच बटणं फिरवतो. कोपरे टाळा, तिथे खर्ज साचतो. इशारे बघायचे असतील तर बाजूची खुर्ची घ्या, जिथून ड्रमरचा चेहरा आणि बेसवाल्याचा हात दोन्ही दिसतील. पहिल्या वेळेला आम्ही बाजूचीच सुचवू.

कानाचं मात्र मनावर घ्या. 85 डेसिबल आठ तास चालून जातात, पण दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशोबाने 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं. स्वीडनमध्ये प्रौढांच्या कार्यक्रमांसाठी सरासरी 100 ची मर्यादा आहे; म्हणजे नियम पाळणारा क्लबही कानातल्या बोळ्यांशिवाय सुरक्षित असेलच असं नाही. फोमचे बोळे बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचे. फोम वरचे सूर जास्त खातो, सिंबल मिणमिणतात. संगीतासाठी मिळणारे फिल्टरवाले बोळे सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात. दोन-तीन कार्यक्रमांना जाणार असाल तर तेच घ्या.

बोलणं आणि दाद यांबाबत आपली सवय थोडी आवरावी लागते. मधेच ‘क्या बात है’ किंवा मान डोलावून चुटक्या इथे चालत नाहीत, निदान हळू भागात तरी नाहीत. जुन्या जॅझमध्ये प्रत्येकाच्या वादनानंतर टाळ्या पडतात. इथे मोकळ्या भागात त्या बहुधा पडत नाहीत, कारण एकाचं कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही.

मग संपलं हे कळायचं कसं? शांतता पसरली म्हणजे संपलं असं धरू नका. दहा सेकंदांच्या शांततेनंतर पुन्हा सुरू झालेले तुकडे भरपूर आहेत. हात बघा. ड्रमरच्या काठ्या मांडीवर आल्यात का, ट्रम्पेट ओठांपासून दूर झालाय का, बेसवाल्याचा डावा पंजा तारांवरून सुटलाय का. तिन्ही झालं तरी गिटारचा शेवटचा सूर स्पीकरमध्ये तीन-चार सेकंद विरत असतो. तो गिटारवाला अजून पेडलवर पाय ठेवून उभा असेल. पाय उचलला की टाळ्या.